जात्याची घरघर आणि आजींचा आवाज: स्वस्त बाहेरच्या माइकचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचा, कणकुंबीच्या बाजूचा डोंगराळ पट्टा. मलप्रभेचा उगम याच भागात. पावसाळ्यात कौलांवर पडणाऱ्या पावसात समोरच्याशी बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो. भात आणि थोडी नाचणी ही इथली पिकं. गिरण आली तशी घरातली जाती परड्यात नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात जाऊन पडली आणि त्यांच्याबरोबर ओव्याही गप्प झाल्या. सत्तरी ओलांडलेल्या काही बायकांना त्या अजून येतात. त्यांच्या सुनांना तुकड्यातुकड्यानं आठवतात, नातींना नाही.

इथल्या एका गावातल्या चौघांनी या ओव्या व्हिडिओवर घ्यायचं ठरवलं. गावाचं आणि माणसांचं नाव मी देत नाही. गटात प्राथमिक शाळेतल्या एक बाई, कॉलेजसाठी बेळगावला ये-जा करणारी दोन मुलं आणि लग्नांचे व्हिडिओ करणाऱ्याच्या हाताखाली थोडं काम केलेला एक तरुण. कॅमेरा जुन्यात घेतलेला कॅनन २००डी, लेन्स त्याच्याबरोबर आलेलीच, १८-५५ची. वर्गणीतून माइकसाठी जमले चार हजार रुपये.

बाईंचा हेतू पक्का होता. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रात लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, हे त्यांना माहीत होतं. आपल्या सीमाभागातल्या ओव्यांत कानडी शब्द सहज येऊन बसतात, चालीतही फरक पडतो, तो कानावर पडला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नुसते शब्द लिहून घ्यायचे असते तर वहीनं भागलं असतं.

मी बेळगावात व्हिडिओ एडिटिंग करतो. पहिलं रेकॉर्डिंग झाल्यावर कार्ड घेऊन ते माझ्याकडे आले, तिथून पुढचं मी जवळून पाहिलं.

अडचण

चित्र छान होतं. सोप्यात बसलेल्या दोन आजी, मध्ये जातं, दारातून येणारा उजेड. आवाज लावला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. घरघर, बांगड्या, पंख्याची हवा, मधूनच लेन्सच्या मोटरची कुरकुर, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी ओवी. चाल कळत होती, शब्द निम्मेसुद्धा लागत नव्हते. सर्वांत वाईट भाग ओवी संपल्यावरचा. आजी श्वास घ्यायला थांबल्या की घरघर आपोआप मोठी होत जायची आणि पुढची ओळ सुरू झाली की दबायची.

याची कारणं एकात एक गुंतलेली होती.

पहिलं कारण अंतर. दोघी आणि जातं चौकटीत बसावं म्हणून कॅमेरा साधारण तीन मीटरवर होता. कॅमेऱ्याच्या आतल्या माइकला आजींचं तोंड तीन मीटरवर आणि जातंही जवळपास तेवढ्यावरच. ज्याचा आवाज मोठा तोच मोठा ऐकू येणार. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलनं वाढते. तीन मीटरवरचा माइक चाळीस सेंटीमीटरवर आणला तर तोंडाचा आवाज सतराएक डेसिबलनं वर येतो. कितीही महागडा माइक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला तरी हा फरक भरून निघत नाही.

दुसरं कारण आवाजाची ऑटो पातळी. शांतता झाली की कॅमेरा स्वतःच आवाज वाढवतो, म्हणून ती फुगणारी घरघर.

तिसरं कारण खोली. सोप्यात नव्या फरश्या होत्या, भिंतींना ऑइल पेंट. आवाज आपटून परत येत होता.

आणि चौथं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं: जातं रिकामं फिरवलं होतं. दळायचं काही नव्हतं, नुसतं दाखवायचं होतं. दगडावर दगड घासला की जो कर्कश आवाज निघतो, तो दाणे घातल्यावर निघत नाही. व्हिडिओ पुन्हा पाहताना एका आजींचं वाक्य ऐकू आलं, रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीचं: "रिकामं जातं फिरवायचं नसतं की बाळा." तेव्हा ते कोणी मनावर घेतलं नव्हतं.

तोलून पाहिलेले पर्याय

मुलं माझ्याकडे येण्याआधी बेळगावातल्या एका दुकानात जाऊन आली होती. तिथे त्यांना वायरलेस जोडी दाखवली होती, दोन छोटे माइक आणि एक रिसीव्हर. दिसायला सुटसुटीत, आणि तरुणाचं मन तिथेच अडकलं होतं. माझं मत वेगळं पडलं. त्यांच्या पैशात बसणाऱ्या जोडीत आवाज कितपत स्वच्छ येईल याची खात्री नव्हती, चार्जिंग संपलं की काम थांबणार होतं, आणि मुख्य म्हणजे इथे कोणी चालत-फिरत नव्हतं. जी माणसं एका जागी बसून गातात त्यांना वायरचा त्रास काय?

वेगळा रेकॉर्डर घेणं आवाजाच्या दृष्टीनं सर्वांत चांगलं, पण चार हजारांत बरा रेकॉर्डर बसत नाही.

मग उरले तीन मार्ग. एक फुकटचा: मोबाइल विमान मोडवर टाकून आजींच्या जवळ ठेवायचा, त्यात आवाज घ्यायचा आणि नंतर टाळीच्या खुणेवर व्हिडिओशी जुळवायचा. दुसरा, वायरवाला कॉलर माइक. बोया बीवाय-एम१ साधारण हजाराच्या आसपास मिळतो, त्याची वायर ६ मीटरची असते, म्हणजे कॅमेरा लांब ठेवूनही पुरते. तिसरा, कॅमेऱ्यावर बसणारा छोटा दिशा धरणारा, म्हणजे समोरचाच आवाज जास्त घेणारा माइक. बोया बीवाय-एमएम१ सारखा माइक दोन हजारांच्या घरात येतो, त्याला सेल लागत नाही, कॅमेऱ्याच्या जॅकमधूनच त्याला वीज मिळते आणि वाऱ्यासाठी केसाळ टोपी बरोबर येते.

इथे कॅमेऱ्याचं नशीब कामाला आलं. २००डीला ३.५ मिलिमीटरचा माइक जॅक आहे. याच कंपनीच्या १५००डीला तो नाही, तसाच निकॉनच्या डी३५००लाही नाही. असा कॅमेरा हातात असता तर माइकची चर्चाच संपली असती आणि मोबाइलवर वेगळा आवाज घेण्यावाचून मार्ग नव्हता. जुन्यात कॅमेरा घेणाऱ्यानं रबराचं झाकण उघडून हा जॅक आधी बघावा. मात्र २००डीला हेडफोनचा जॅक नाही. रेकॉर्डिंग चालू असताना काय ऐकू येतंय हे कळायचा मार्ग नाही. पुढे बरंच काही या एका गोष्टीवरून ठरलं.

गटानं कॉलर माइक घेतला. कारण सोपं होतं: तोंडाच्या सर्वांत जवळ तोच जातो. मीही त्याला दुजोरा दिला.

काय केलं

पहिली तारीख सुगी संपल्यावरची धरली. भात घरात आल्याशिवाय बायकांना बसायला सवड नसते आणि पावसाळ्यात तर प्रश्नच नव्हता. वेळ ठरवताना मात्र गटात खरा वाद झाला. दळणाची वेळ पहाटेची. तेव्हा पंप बंद असतात, रस्त्यावर टेम्पो नसतात, आवाजाला याहून चांगली वेळ नाही. पण उजेड नाही, आणि तरुणाला चित्र हवं होतं. दुपारी उजेड आहे, पण शेजारी टीव्ही आणि अंगणात पोरं. शेवटी उजाडता उजाडता सुरू करायचं ठरलं आणि उजेडासाठी सेलवरचा एक छोटा एलईडी दिवा मागून आणला. कमी उजेडात चित्र थोडं रवाळ येईल हे तरुणानं कबूल केलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. त्यानं आपल्या हौसेची गोष्ट बाजूला ठेवली.

जागाही बदलली. सोप्यातून जातं मागच्या पडवीत नेलं. तिथे शेणानं सारवलेली जमीन, एका अंगाला भाताची पोती, वर उघडे वासे. जात्याखाली जुनी घोंगडी दुमडून घातली. आणि नाचणी घातली.

एवढ्यानंच, माइक न बदलता, घरघर मऊ झाली. आजी मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात सोडत होत्या आणि दगडाचा आवाज एकदम खाली बसत होता. हे मी स्वतः तिथे उभा राहून ऐकलं.

आता कॉलर माइक. मुलाखतीत त्यानं कमाल केली. आजी खाटेवर बसून माहेराबद्दल, लग्नात मिळालेल्या जात्याबद्दल बोलल्या, तो आवाज ओठांजवळ कान लावल्यासारखा आला. जात्यावर बसल्यावर चित्र बदललं. दळताना बाई पुढे वाकते, मागे येते, हात बदलते. पदर सरकतो, माइकवर घासतो. मंगळसूत्राचे मणी त्याच्यावर टक् टक् आपटतात. पदराच्या आतून लावला तर कापडाची सरसर, बाहेरून लावला तर मणी. खांद्याकडे सरकवला तर तोंड वळलं की आवाज उतरतो. शिवाय आजी दोन आणि माइक एक. ज्या आजींना माइक लावला होता त्यांची ओळ खणखणीत यायची आणि झेलणारीची ओळ लांबून आल्यासारखी. जात्यावरच्या ओवीत दोघींचा आवाज एकमेकीत मिसळतो, तेच तुटलं.

निर्णयाचा खरा क्षण हा होता. बाकीच्या पैशात दुसरा कॉलर माइक आणि जोडणारी पिन घ्यायची, की छोटा दिशा धरणारा माइक घ्यायचा? मुलांचा कल पहिल्याकडे होता. बाईंनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो: "माइक अंगावरच कशाला पाहिजे? वरून टांगला तर?"

छोटा माइक आला, त्याबरोबर तीन मीटरची एक्स्टेन्शन वायर. वाशाला सुतळी बांधून माइक खाली सोडला. आधी तो दोघींच्या मधोमध, सरळ खाली तोंड करून टांगला. ही जागा चुकीची निघाली. जातं त्याच्या बरोबर समोर आलं आणि घरघर थेट आत शिरली. मग सुतळी बाजूला ओढून माइक दोघींच्या एका अंगाला, तोंडाच्या उंचीच्या जरा वर आणला आणि आडवा धरून दोघींच्या तोंडांकडे वळवला. असा माइक समोरून येणारा आवाज पूर्ण घेतो, काटकोनातून येणारा कमी घेतो आणि पाठीमागचा सर्वांत कमी. जातं आता त्याच्या खाली, काटकोनाकडे गेलं होतं, आणि तोंडांपेक्षा लांबही. दोन्ही आवाज जवळपास सारखे मिळाले. घरघर राहिली, पण जिथे असायला हवी तिथे, खाली.

सुतळी चित्रात वरच्या कोपऱ्यात थोडी दिसते. ती लपवायला कॅमेरा पुढे घ्यावा लागला असता आणि जात्याची कड कापली गेली असती. सुतळी दिसू दिली.

कॅमेऱ्यात आवाजाची पातळी ऑटोवरून मॅन्युअलवर आणली. आजींना सगळ्यात मोठ्यानं म्हणायची ओळ म्हणायला सांगितली आणि पडद्यावरची पातळीची पट्टी अधूनमधून उणे १२ डेसिबलच्या जरा पुढे जाईल अशी ठेवली. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. माइक जवळ असल्यामुळे कॅमेऱ्यातली पातळी खालीच ठेवता आली. अशा कॅमेऱ्यात पातळी फार वर नेली की मागे सूंऽऽ असा आवाज येतो, तो त्यामुळे टळला. लेन्सचं ऑटोफोकस बंद. पंखा बंद. सगळ्यांचे मोबाइल विमान मोडवर, कारण वायरजवळच्या मोबाइलची टर्रटर्र माइकमध्ये उतरते.

हेडफोन लावता येत नव्हता म्हणून एक नियम केला. आधी एक ओवी घ्यायची, कार्ड काढून कार्ड रीडरनं मोबाइलला लावायचं, इअरफोन घालून ऐकायचं, मगच पुढे. या कॅमेऱ्यात एक क्लिप २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप थांबते, म्हणून आजींचा चहा आणि कार्ड तपासणं त्याच सुमाराला ठेवलं. आणि मोबाइलवरचं फुकटचं रेकॉर्डिंग सोडलं नाही. एक मोबाइल पोत्यावर ठेवून दिला, सुरुवातीला बाईंनी एक टाळी वाजवली.

काय झालं

शब्द लागले. अगदी दुसरी आजी दम लागून अर्धवट सोडते ती ओळसुद्धा.

एका घरी मात्र घात झाला. एक्स्टेन्शन वायरची पिन कॅमेऱ्यात पूर्ण बसली नव्हती. बाहेरची पिन आत गेली की कॅमेरा स्वतःचा माइक बंद करतो, आणि अर्धवट पिनेतून काहीच येत नव्हतं. तपासणीची क्लिप झाल्यावर कॅमेरा हलवला होता, त्यात ती निसटली. चहापर्यंत कळलं नाही. ती सगळी क्लिप मुकी होती. पोत्यावरच्या मोबाइलनं ती वाचवली. टाळीची खूण धरून आवाज चित्राला जोडला, थोडा पोकळ आहे, पण आहे.

कॉलर माइकनंही एकदा दगा दिला. त्याच्यावर मोबाइल आणि कॅमेरा असं बदलायचं बटण आहे. कॅमेऱ्यावर असताना आतला एलआर४४ बटण सेल खर्च होत राहतो, आणि काम झाल्यावर बटण परत फिरवलं नव्हतं. पुढच्या मुलाखतीत आवाज नाहीच. खानापुरात सेल मिळाला, पण त्या दिवशी मुलाखत झाली नाही. आता त्यांच्या पिशवीत जादा सेल असतो. याच गटाला कोणीतरी मोबाइलचा एक साधा कॉलर माइकही दिला होता, तो कॅमेऱ्यात चाललाच नाही. मोबाइलच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांची पिन लागते. बीवाय-एम१च्या पिनेवरही तीनच रेघा आहेत, पण बटणामुळे तो दोन्हीकडे चालतो. दुकानात नुसतं "पिन बसते" यावर विश्वास ठेवू नये.

याहून मोठी गोष्ट वेगळीच झाली, आणि तिची तयारी कोणाचीच नव्हती. आवाज स्वच्छ आल्यावर ओव्यांत काय म्हटलंय ते सगळ्यांना कळू लागलं. एका आजींच्या ओव्यांत सासरच्या छळाच्या ओळी होत्या, नात्यासकट. पहिल्या रेकॉर्डिंगमध्येही त्या म्हटल्या होत्या, पण घरघरीत कोणालाच लागल्या नव्हत्या. आता त्यांच्या मुलाला लागल्या. तो रागावला नाही, गप्प बसला. आजी म्हणाल्या, "हे असू दे आमच्यापुरतं." बाईंनी तिथल्या तिथे ती क्लिप बाजूला काढली. ती बाहेर टाकलेली नाही, आजींच्या घरी पेन ड्राइव्हमध्ये दिली आहे. त्यानंतर गटानं पद्धत बदलली. परवानगी रेकॉर्डिंगच्या आधी विचारायची, आणि इअरफोनवर ऐकवून झाल्यावर पुन्हा विचारायची. लाडीगोडी करून घेतलेलं आधीचं 'हो' पुरेसं नसतं. आपण काय म्हणालो हे कानानं ऐकल्यावरच माणसाला ठरवता येतं.

ऐकवण्याचा आणखी एक फायदा झाला. लिहून घेतलेल्या ओळी आजींनी दुरुस्त केल्या. दोन ठिकाणी मुलांनी कानडी शब्दाच्या जागी जवळचा मराठी शब्द लिहिला होता. आजींनी तो शब्द तीनदा सावकाश म्हणून दाखवला.

वेगळं काय करता आलं असतं

कॉलर माइक आधी घेतला हे मला आजही पूर्ण चूक वाटत नाही, कारण मुलाखतींना त्याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही नाही. पण खर्चाआधी एकदा मोबाइल हातात धरून जात्याभोवती फिरायला हवं होतं. डोक्यावर, बाजूला, पाठीमागे, जमिनीलगत, प्रत्येक ठिकाणी एकेक ओवी. माइक कुठे हवा हे त्यात कळलं असतं, आणि कुठे हवा हे कळलं की कोणता हवा हे आपोआप ठरतं. इथे क्रम उलटा झाला: आधी माइक निवडला, मग त्याला जागा शोधली.

सारवलेली पडवी, घोंगडी आणि नाचणी, या तीन गोष्टींना एक रुपया लागला नाही. त्या पहिल्याच दिवशी करता आल्या असत्या. त्यातली तिसरी तर आजींनी सांगितलीच होती.

पिनेचा प्रश्न चिकटपट्टीनं सुटतो. वायर कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एकदा गुंडाळून मगच जॅकमध्ये घालावी, म्हणजे ओढ पिनेवर येत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी कोणी काही न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवावी. ती इथे घेतली गेली नाही. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरला मागचा सततचा आवाज ओळखायला असाच तुकडा लागतो. तो नसल्यामुळे एका घरातली फ्रिजची घूंघूं मला काढता आली नाही, कारण ती ओवीपासून सुटी कुठेच सापडेना.

वायरलेस जोडीबद्दल तरुण अजून विचारतो. लग्नाच्या कामाला त्यानं ती जरूर घ्यावी, तिथे माणसं फिरतात.

गटाला आता गावातलं भजन घ्यायचं आहे. ते या सामानात बसणार नाही. मृदंग एका बाजूला, टाळ चहूकडे, आणि टाळांचा आवाज जवळच्या माइकला सहज फाडतो. मी त्यांना दोन माइकवाला रेकॉर्डर एका रात्रीपुरता भाड्यानं आणायला सांगितलं आहे आणि तो टाळांपासून लांब, बुवांच्या समोर उंचावर ठेवायला. देवळाला पत्र्याचं छत आहे, त्यामुळे तारीख पावसाआधीची धरली आहे.